सेन्सर बीमजवळ ठेवण्याआधी

सांगली, 14 एप्रिल

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेल वाचला. न्यूट्रॉन बीमजवळ राहून आलेल्या सेन्सरचा गेन, म्हणजे सुटलेल्या एका इलेक्ट्रॉनामागे किती इलेक्ट्रॉन येतात तो आकडा, तसाच आहे, म्हणजे सेन्सर शाबूत आहे, असं तू लिहिलं आहेस. तिथेच थांब. गेनवरून त्याची प्रकृती कळत नाही.

तुझा सेन्सर म्हणजे प्रकाश टिपणारा सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर. त्यात शेकडो-हजारो बारीक पेशी असतात, ब्रेकडाउनच्या, म्हणजे लोंढा सुरू होण्याच्या सीमेच्या, जरा वरच्या व्होल्टेजवर ताणून ठेवलेल्या. फोटॉन आला, एक इलेक्ट्रॉन सुटला, की त्यामागे लाखो इलेक्ट्रॉनांचा लोंढा. न्यूट्रॉनला विद्युतभार नसतो, तो थेट अणुकेंद्रावर आदळतो. 1 एमईव्हीचा न्यूट्रॉन सिलिकॉनच्या अणूला 130 केईव्हीपर्यंत, म्हणजे 1,30,000 ईव्हीपर्यंत, ऊर्जा देऊ शकतो, आणि अणू जागेवरून उखडायला 25 ईव्हीच्या आसपास पुरते. मग तो उखडलेला अणू वाटेतले किती उखडेल, तूच हिशेब कर. स्फटिकात अशी खिंडारं पडली की नुसत्या उष्णतेने तिथे इलेक्ट्रॉन सुटू लागतात आणि अंधारातही लोंढे येतात. एकेका लोंढ्याचा आकार तोच, म्हणून गेन तोच. वाढते ती लोंढ्यांची संख्या. तू मोजायला हवा होतास तो डार्क करंट, म्हणजे अंधारातही वाहणारा प्रवाह.

आणि तो आधीही मोजायला हवा होता. हे मी तळमळीने लिहितोय, कारण एका प्रयोगात आम्ही आधीची नोंद ठेवलीच नाही. नंतर आलेल्या आकड्यांची तुलना कशाशी करायची, तेच कळेना. बीमवर मिळालेला सगळा वेळ वाया गेला.

तू साताऱ्याकडचा, तुला कोयनेचा विसर्ग नवा नाही. इकडे सांगलीत पावसाळ्यात जो तो विचारतो, ‘आयर्विनला किती फूट?’ म्हणजे आयर्विन पुलाशी कृष्णेची पातळी किती. 40 ला इशारा, 45 ला धोका, हे ठाऊक असतं म्हणून त्या आकड्याला अर्थ. सेन्सरवर पडलेले एकूण न्यूट्रॉन हा तुझा विसर्ग, डार्क करंट ही तुझी पातळी. दोन्ही एकाच वहीत, तारखेसकट लिही.

शेजारी तापमानही लिही. दर 8-10 अंशांना डार्क करंट साधारण दुप्पट होतो. एसी खोलीत 20 अंशांना घेतलेलं माप आणि आपल्या एप्रिलातल्या 38 अंशांचं माप यांत न्यूट्रॉनशिवायच चौपटीचा फरक पडेल. शिवाय सेन्सर नुसता टेबलावर पडून राहिला तरी थोडा सावरतो, उबेत जास्त. त्यामुळे मारा संपल्यापासून किती दिवसांनी मोजलं, तेही हवं.

तुझ्या लिथियम-6 आणि झिंक सल्फाइडच्या सिंटिलेटरबद्दल, म्हणजे न्यूट्रॉन आला की चमकणाऱ्या पदार्थाबद्दल, मला खरी काळजी वाटते. त्याचा प्रकाश भरपूर, पण तो अनेक मायक्रोसेकंद झिरपत राहतो आणि फायबरमधून त्यातला थोडाच सेन्सरपर्यंत पोचतो. तेवढ्या वेळात डार्क काउंट, म्हणजे अंधारातले लोंढे, त्यात मिसळतात. नुसता थ्रेशोल्ड, म्हणजे सिग्नल मोजण्याची किमान मर्यादा, वाढवलास तर खरे न्यूट्रॉनही हातचे जातील. माझं मत विचारशील तर फायबर लांब घे, सेन्सर बीमच्या वाटेपासून दूर ने आणि त्याला थंड ठेव. थंडाव्याने खिंडारं बुजत नाहीत, पण लोंढे कमी होतात.

एकाच बॅचचे दोन सेन्सर तुलनेसाठी बीमपासून दूर, कपाटात ठेव. नव्या सेन्सरांच्या डार्क करंटचे आलेख काढलेस की तापमान लिहून मला पाठव. त्याआधी बीम मागू नकोस.

तुझा,
सर