खडूच्या चौकोनातलं स्वयंपाकघर

प्रिय ताई,

आम्ही पाचपाखाडीत राहतो. हे ६४ वर्षांचे, मी ६१. हे एका औषध कंपनीत होते, मी पोस्टात. आता दोघंही रिकामे. मुलगी पुण्यात, तिचं सगळं छान चाललंय. गेलं वर्षभर ह्यांनी एकच ध्यास घेतलाय: मोटरहोम घ्यायचं, दिवाळी झाली की निघायचं आणि थंडीचे चार महिने दक्षिणेत काढायचे. युरोपातली म्हातारी जोडपी अशी स्पेन-पोर्तुगालला जातात, त्याचे व्हिडिओ रात्री बारापर्यंत बघत बसतात. अडीच वर्षांपूर्वी सीनियर सिटिझन योजनेत ठेवलेले २५ लाख मोडायलाही तयार आहेत. परवा हॉलच्या फरशीवर खडूने गाडी आखली, १४ फूट बाय ६. बेड, संडास, ड्रायव्हरची सीट. एका कोपऱ्यात 'किचन' आणि त्याच्याखाली 'तू'. चार दिवस झाले, कामवाल्या मावशींना तिथली फरशी पुसू देत नाहीत. मला फिरायला आवडतं हो. पण तो चौकोन बघून पोटात गोळाच आला. 'नाही' म्हणावं तर जन्मभर 'तुझ्यामुळे राहिलं' ऐकावं लागेल. काय करू?

एक वाचक, ठाणे

ताई,

तुमच्या पत्रात २५ लाख आहेत, चार महिने आहेत, पण मी अडकले ती त्या 'तू'पाशी.

मोटरहोमवाले पहिलं कौतुक सांगतात ते किचनचं. बाहेरचं खायला नको, हवं तेव्हा गरम पोळी. ऐकायला झकास! फक्त ती पोळी लाटायची कोणी, हे व्हिडिओत दिसत नाही. पस्तीसेक वर्षं पोळ्या लाटून मग ड्युटीवर गेलेल्या बाईला निवृत्तीनंतर मिळणार काय, तर दोन फुटांचा ओटा, मोजून पाणी, आणि भांडी घासायला मावशीसुद्धा नाहीत. तुमच्या पोटात गोळा आला तो प्रवासाच्या भीतीने आलेला नाही. ह्यांची सुट्टी सुरू होतेय आणि तुमची ड्युटी फक्त जागा बदलतेय, हे तुम्हाला खडूत लिहिलेलं दिसलं.

मी हा उद्योग एकदा केलाय, म्हणून बोलते. आम्ही तीन रात्रींसाठी कॅराव्हॅन भाड्याने घेऊन कोकणात गेलो होतो. पहिला दिवस स्वर्ग. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी जरा उतारावर लागलेली, मी पोहे परतत होते आणि कढई शेगडीवरून हळूहळू माझ्याकडे चालत आली. ती धरते न धरते तोच मागून आवाज, "अगं, हे लाल लागलंय!" लाल दिवा लागला होता तो संडासाची टाकी भरल्याचा. ह्या गाड्यांत बहुतेक वेळा खाली एक डबा असतो. तो दोन माणसांना दोन-तीन दिवस पुरतो, मग बाहेर ओढून संडासात नेऊन रिकामा करायचा. गाडी देणाऱ्यांनी गॅस, दिवे, पंखे, सगळं दाखवलं होतं, ह्या डब्याबद्दल अवाक्षर नाही. सकाळी सात वाजता आमचे हे आणि ड्रायव्हर तो डबा घेऊन गावात विचारत फिरत होते, आणि मी गार पोहे खात बसले होते. तिसऱ्या दिवशी मी शेगडीला हातच लावला नाही. स्टँडसमोरच्या टपरीवर मिसळ खाल्ली.

तेव्हा आज संध्याकाळी ह्यांना एवढंच विचारा: चौकोनात किचनपाशी माझं नाव आहे, डब्यापाशी कोणाचं आहे?

आता त्या स्पेन-पोर्तुगालचं. ती माणसं पळतात बर्फापासून. जर्मनीत डिसेंबरात दुपारी चारला दिवे लावावे लागतात. शिवाय तिकडे ठिकठिकाणी गाडी लावायची जागा असते, वीज, पाणी आणि तो डबा ओतायची सोयसुद्धा. आपल्याकडे थंडी ती केवढी? सकाळी उपवनला फिरायला जाताना शाल घ्यायची आणि नऊ वाजता ती काखेत. आणि दिवाळी झाल्या झाल्या तमिळनाडू गाठलात तर थेट पावसात शिराल. आपल्याकडे छत्र्या माळ्यावर जातात तेव्हा त्यांचा मुख्य पावसाळा चालू होतो, ऑक्टोबर ते डिसेंबर, ईशान्य मोसमी वाऱ्यांचा. नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरातली वादळंही येतात ती ह्याच दिवसांत. केरळातही ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस असतोच, आणि नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत शबरीमलाच्या यात्रेकरूंची गर्दी. युरोपचं वेळापत्रक आपल्या नकाशावर चिकटवलं की असं होतं. तमिळनाडू जानेवारीपासून पुढे.

पैशांबद्दल तुम्हाला, म्हणजे पोस्टातल्या बाईला, मी काय शिकवणार? तरी ह्यांच्यासमोर कागदावर मांडा. ८.२ टक्क्यांनी २५ लाखांचं व्याज तिमाहीला ५१,२५०, वर्षाला २,०५,०००. दोन वर्षं उलटल्यावर मोडलंत तर एक टक्का कापतात, म्हणजे २५,००० जागच्या जागी गेले. ते एकवेळ जाऊ देत. पण गाडी चार महिने फिरणार आणि आठ महिने उभी राहणार, तीही दरवर्षी किंमत उतरत. आणि उभी राहणार कुठे? तुमच्या सोसायटीत स्टिल्ट किंवा पोडियम पार्किंग असेल तर आधी टेप घेऊन छताची उंची मोजा. ह्या गाड्या नऊ-दहा फूट उंच असतात, बहुतेक स्टिल्टमध्ये डोकंच आत जात नाही. आपल्याकडे दोन स्कूटर कुठे लावायच्या यावरून मिटिंगा होतात, हे मोटरहोम बघून सेक्रेटरी काय म्हणतील याची कल्पना करा. साधी व्हॅन घेऊन तिचं मोटरहोम करून घ्यायचं ठरलं तर तो बदल आरटीओत रीतसर नोंदवावा लागतो. नाहीतर अपघात झाला की विमा कंपनी बोट दाखवायला मोकळी.

एवढं सगळं लिहून मी 'नाही म्हणा' सांगेन असं वाटलं असेल तुम्हाला. नाही सांगणार. ज्या माणसाने चार दिवस खडूची रेघ पुसू दिली नाही त्याला वर्षानुवर्षं कुठेतरी जायचं होतं, आणि 'तू' लिहिताना त्यांच्या मनात वाईट काही नसणार. आमच्या पिढीतल्या पुरुषांना किचन म्हटलं की पुढचा शब्द आपोआप सुचतो, एवढंच.

म्हणून विकत नाही, भाड्याने. दहा दिवस. बरोबर बहुधा ड्रायव्हर येतो. तो रात्री कुठे झोपणार हे आधीच विचारून घ्या, नाहीतर तुमच्या १४ फुटांत तिसरा माणूस. नोव्हेंबर-डिसेंबरात उत्तर कर्नाटक फार सुंदर असतं: कोल्हापूरवरून बेळगाव, धारवाड, मग बदामी आणि हंपी. आणि त्या बाजूला हॉटेलच्या पाटीवर चक्क 'खानावळी' लिहिलेलं असतं. ज्वारीची भाकरी, भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी, सगळं दुसऱ्या कोणीतरी केलेलं. अशा मुलखात जाऊन तुम्ही कणीक मळायची? गाडीत फक्त चहा. तोही ह्यांनी करायचा.

ते दहा दिवस गोडीत गेले तर जानेवारीत तमिळनाडूचा लांबचा पल्ला. जिंजीला जा, राजाराम महाराजांनी जिथे वर्षानुवर्षं मोगलांचा वेढा झेलला तो किल्ला. पुढे तंजावर. तिथे बृहदीश्वराच्या देवळात भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरलेला आहे, १८०३ सालचा. ठाण्याहून एवढं लांब जाऊन दगडावर आपली भाषा वाचताना गंमत वाटते. मार्च उजाडायच्या आत परत फिरा, नंतर तिथलं ऊन गाडीच्या पत्र्यात सोसवत नाही.

पण बुकिंगच्या आधी एक रविवार त्या खडूच्या चौकोनात काढा. खरंच सांगते. सकाळी सात ते रात्री दहा, दोघांनी. एक २० लिटरचा कॅन आत ठेवा, तोंड धुण्यापासून कपबशीपर्यंत सगळं त्याच पाण्यात. पाणी संपलं की संपलं. पेपर, दुपारची झोप, ह्यांचे मोबाइलवरचे व्हिडिओ, तुमची मालिका, सगळं त्या १४ बाय ६ मध्ये. रुसलात तरी रेघेबाहेर जायचं नाही. स्वयंपाक त्या दिवशी ह्यांचा. खिचडी जमते म्हणाले तर खिचडी. संध्याकाळपर्यंत तुम्हाला दोघांनाही बरंच काही कळलेलं असेल, आणि कोण आधी 'तलावपाळीवर चक्कर मारून येऊ' म्हणतं तेही. ते मला जरूर कळवा.

आणि नोव्हेंबरात निघालात तर तुमचा हयातीचा दाखला विसरू नका. आता तो फोनवर चेहरा दाखवून कुठूनही देता येतो, हंपीच्या देवळासमोर बसूनसुद्धा. फोन तेवढा ह्यांना धरू द्या.