खेकडा पडला तेव्हा मुलगा काय म्हणाला?

दापोली तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र आहे. मुलगा यंदा दहावीत. सातवीपासून सनबोर्ड, हॉट ग्लू आणि छोट्या सर्व्हो मोटारी (सांगितलेल्या कोनात फिरून थांबणाऱ्या) जोडून तो चालणारे प्राणी बनवतो. आधी झुरळ, मग घोरपड, आता आठ पायांचा खेकडा. वडिलांनी त्याला रोबोटिक्सचा क्लास लावला आणि दोन स्पर्धांत उतरवलं. दुसऱ्या स्पर्धेत खेकडा स्टेजवरच कोसळला. त्यानंतर तीन महिने मुलाने सामानाच्या खोक्याला हात लावलेला नाही. वडिलांचे प्रश्न असे: त्याला पुन्हा उभारी कशी द्यायची, पेटंट आत्ताच घ्यावं का, अकरावीला जीवशास्त्र सोडून लातूरला जेईईच्या बॅचला घालावं का, आणि रोबोटिक्सच्या बी.टेक.साठी कॉलेज कोणतं?

नमस्कार.

तुमचं चार पानांचं पत्र मी तीनदा वाचलं. कॉलेजांची यादी आज मी देणार नाही. ती कुठेही मिळेल, आणि तिला अजून तीन वर्षं आहेत. पत्रातल्या दोन वाक्यांनी मला जास्त अस्वस्थ केलंय. ती दोन्ही तुमच्या मुलाच्या तोंडची आहेत आणि दोन्ही तुम्ही तक्रार म्हणून लिहिली आहेत.

पहिलं वाक्य क्लासमधलं. सर त्याला म्हणाले, प्रत्येक पायाला दोन मोटारी पुरत नाहीत, तीन लाव, नाहीतर खेकडा पुढे चालणार नाही. तुमचा मुलगा म्हणाला, "सर, खेकडा पुढे चालत नाही." यावर तुम्ही लिहिलंय, "सरांना उलट बोलला, आम्हाला फार लाज वाटली."

अहो, त्यात उलट बोलणं कुठे आहे? खेकड्याच्या पायाचे सांधे बिजागरीसारखे, बहुतेक करून एकाच दिशेने वाकतात. म्हणून तर तो आडवा पळतो. पाय उचलायचा आणि लांबवायचा, एवढं जमलं की आडवी चाल जमते, आणि त्याला दोन मोटारी पुरतात. आठ पाय, सोळा मोटारी. या मुलांच्या हाती असणाऱ्या, मोटारींना हुकूम पोचवणाऱ्या ड्रायव्हर बोर्डवर बहुधा सोळाच जागा असतात. म्हणजे त्याने खर्च, वजन आणि वायरी तिन्ही वाचवल्या, आणि हे तो किनाऱ्यावर बसून शिकला. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाने प्राणी बघून यंत्राचा हिशेब मांडला, तो बरोबर निघाला, आणि घरी आल्यावर त्याला बोलणी बसली.

दुसरं वाक्य स्पर्धेनंतरचं. परतीच्या वाटेवर गाडीत तो म्हणाला, "बाबा, बॅटरी बसली, म्हणून बोर्ड रीसेट झाला." तुम्ही म्हणालात, "कारणं सांगू नकोस." पुढचे दोन तास गाडीत कुणी बोललं नाही, हेही तुम्हीच लिहिलंय.

इलेक्ट्रॉनिक्स शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणीला मी हा प्रसंग वाचून दाखवला. तिने पुढचं न ऐकताच सांगितलं, मुलगा बरोबर बोलतोय. नऊ ग्रॅमची ती छोटी मोटार अडकली किंवा तिच्यावर जोर आला, की एकटी अर्ध्या अँपिअरहून जास्त प्रवाह ओढते. सोळा मोटारींनी एकदम जोर केला, की मागणी आठ-दहा अँपिअरवर जाते. साधी बॅटरी तेवढं देऊ शकत नाही. व्होल्टेज खाली येतं, मेंदूचं काम करणारा बोर्ड क्षणभर बंद पडून पुन्हा सुरू होतो, तोवर सगळे पाय ढिले पडतात आणि प्राणी खाली बसतो. त्यात स्टेजवर गुळगुळीत फ्लेक्स अंथरलेला होता, असं तुम्हीच लिहिलंय. वाळूत रुतणारे टोकदार पाय त्यावर घसरले असणार आणि मोटारींवरचा ताण आणखी वाढला असणार. तुमच्या मुलाने गाडीत बसल्या बसल्या दोष शोधला होता. तो ऐकून घेणारं गाडीत कुणी नव्हतं.

तुम्ही विचारता, त्याला उभारी कशी द्यायची. मला तो खचलेला वाटत नाही. त्याने बोलणं बंद केलंय. दोनदा खरं बोलला आणि दोन्ही वेळा ओरडा खाल्ला. तिसऱ्यांदा कशाला बोलेल?

आता जरा कडू बोलते. तुमच्या पत्रात "आम्ही खेकडा बनवला", "आमचा प्रोजेक्ट", "आमचं पेटंट" असं पानोपानी आहे. तुम्हाला स्वतःला पॉलिटेक्निकला प्रवेश मिळाला होता आणि वडिलांच्या आजारपणामुळे तो सोडावा लागला, हेही तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत. ते दुःख खरं आहे आणि त्याबद्दल मला तुमच्याविषयी आदर वाटतो. पण ते ओझं त्याच्या सनबोर्डच्या खेकड्यावर ठेवू नका. त्याचे पाय तेवढ्या वजनाचे नाहीत. मुलाला विरोध करणारे पालक मला रोज भेटतात, आणि त्या मुलांना निदान लपून काहीतरी करता येतं. तुमच्यासारखे, मनापासून साथ देता देता मुलाचा छंद स्वतःच्या हातात घेणारे पालक भेटले की मला जास्त काळजी वाटते. त्या मुलांना लपायलाही जागा उरत नाही.

पत्रात मुलाची आई एकदाच येते. "तिचं म्हणणं, राहू दे त्याला थोडे दिवस." ताईंचं ऐका.

पेटंटचं थोडक्यात सांगते. आत्ता नको. अर्ज कुणालाही करता येतो आणि साधारण अठरा महिन्यांनी तो प्रसिद्धही होतो. पण प्रसिद्ध होणं म्हणजे पेटंट मिळणं नव्हे. ते तपासणीनंतर मिळतं, आणि कल्पना खरोखर नवी असेल तरच. दहावीतल्या मुलाच्या नावापुढे "पेटंट" लिहून देणाऱ्यांना पैसे देऊ नका.

जीवशास्त्राचा मुद्दा मात्र नीट बोलायला हवा, कारण तुमच्यासारखेच पुष्कळ पालक तिथे चुकतात. "रोबोटच करायचाय तर जीवशास्त्र कशाला, त्याऐवजी बायफोकल (व्यावसायिक विषय म्हणून) इलेक्ट्रॉनिक्स घेऊ," असं तुम्ही ठरवलंय. दुसऱ्या एखाद्या मुलाला हे लागू पडलंही असतं. तुमचा मुलगा प्राण्यांपासून सुरुवात करतो, आणि या विषयातली माणसं अशीच घडली आहेत. 1940 च्या दशकाच्या अखेरीस ब्रिस्टलमध्ये एल्मर आणि एल्सी ही दोन यांत्रिक कासवं बनली. प्रत्येकात जेमतेम दोन व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओत असत तशा काचेच्या नळ्या), पण ती उजेडाकडे जात आणि अडथळा आला की वळत. ती बनवणारे विल्यम ग्रे वॉल्टर मेंदूचे अभ्यासक होते. झुरळं खडबडीत जमिनीवरून न अडखळता कशी धावतात, हे बर्कलीचे रॉबर्ट फुल यांनी शोधलं. ते जीवशास्त्राचे प्राध्यापक, आणि त्यांच्या निरीक्षणांतून पुढे रेक्स हा सहा पायांचा रोबोट घडला. पालीचा पाय भिंतीला कसा चिकटतो, हे जीवशास्त्रज्ञांनी 2000 साली तिच्या पायाच्या एकेका सूक्ष्म केसाची ताकद मोजून दाखवलं. भिंत चढणारा स्टॅनफर्डचा स्टिकीबॉट त्यानंतरचा. आणि खेकड्याचंच बोलायचं तर दक्षिण कोरियाच्या समुद्र संशोधकांनी 2013 च्या सुमारास क्रॅबस्टर नावाचा लहान गाडीएवढा, सहा पायांचा रोबोट बनवला. त्यांच्या किनाऱ्याजवळ भरती-ओहोटीची ओढ जबर आणि पाणी गढूळ. पंख्यावर चालणारं यंत्र तिथे वाहून जातं आणि गाळ ढवळून आणखी अंधार करतं. म्हणून त्यांना तळ धरून चालणारे पाय हवे होते. पाण्याच्या अशा ओढीत पाय कसे रोवायचे, हे कुणाला तरी आधी खेकड्याकडे बघून समजून घ्यावं लागलं. तुमच्या मुलाने नेमकं तेच सुरू केलं होतं.

तेव्हा अकरावीला गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवू द्या. सीईटी, जेईई यांच्याबरोबर आयसरच्या (विज्ञान शिक्षण-संशोधनाच्या केंद्रीय संस्थांच्या) प्रवेशपरीक्षेचा रस्ताही उघडा राहील, आणि हाताने काम करायची ओढ टिकली तर दहावीनंतर डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाणं हाही चांगला मार्ग आहे. लातूरचा विचार त्याने स्वतः काढला तर करा. आणि उद्या तो म्हणाला, मला बँकेत नोकरी करायची आहे आणि खेकडे रविवारी बनवायचे आहेत, तर तेही पूर्ण, चांगलं आयुष्य आहे. छंदातून पोट भरलंच पाहिजे, अशी सक्ती त्याच्यावर नको.

पत्राच्या तिसऱ्या पानावर तुम्ही जाता जाता लिहिलंय, "पूर्वी दर शनिवारी ओहोटीला किनाऱ्यावर जाऊन तासन् तास बसायचा, क्लासमुळे तो वेळ आता सत्कारणी लागतो." मी तिथे बराच वेळ थांबले. वाळूच्या बारीक गोळ्यांची नक्षी काढणारे ते इवले खेकडे, चाहूल लागताच बिळात गडप होणारे, तुम्ही रोज बघता म्हणून तुम्हाला त्यांचं काही वाटत नाही. त्याला वाटत होतं. त्याचं सगळं शिक्षण त्या शनिवारांत झालं होतं, आणि तुम्ही पैसे भरून ते बंद केलंत.

तो शनिवार त्याला परत द्या. क्लास सुरू ठेवायचा की नाही, हे त्याला विचारा, आणि तो "नको" म्हणाला तर फी बुडाल्याचं एकदाही बोलून दाखवू नका. गाडीतल्या त्या वाक्याबद्दल माफी मागा. सरळ म्हणा, "बॅटरीचं तू बरोबर सांगत होतास, मी ऐकलं नाही." लगेच नवी बॅटरी आणून समोर ठेवू नका. त्याला हवी झाली की तो मागेल. निरीक्षणांची वही वगैरेही नको, तिचाही प्रोजेक्ट होईल. त्याचा व्हिडिओ काढणं काही महिने थांबवा.

एका गोष्टीत मात्र जरूर लक्ष घाला. तो लिथियमचे सेल वापरत असेल तर चार्जिंग योग्य चार्जरवर आणि कुणीतरी जागं असतानाच व्हायला हवं. फुगलेला किंवा गरम होणारा सेल बाजूला काढायचा, रात्रभर गादीशेजारी चार्जिंगला काही ठेवायचं नाही. हे वडिलांचं काम आहे आणि ते तुम्ही उत्तम कराल.

खोकं पलंगाखालीच राहू द्या. पुसूनसुद्धा ठेवू नका. आणि हे उत्तर त्याला वाचायला दिलंत, त्यावर त्याला काही लिहावंसं वाटलं, तर त्याचं पत्र मला हवं आहे. दोनच ओळींचं असलं तरी चालेल. फक्त त्याच्या वतीने तुम्ही लिहू नका.