पर्यटनामुळे विकसनशील देशाच्या आर्थिक वाढीला खरंच हातभार लागतो का?

लागतो, पण पर्यटक किती आले यापेक्षा त्यांचा पैसा गावात किती हातांतून फिरला, यावर तो ठरतो. मी मालवण तालुक्यातल्या तारकर्लीची. घरच्या दोन खोल्या आम्ही निवास-न्याहारीसाठी देतो, म्हणून रोजचं डोळ्यांसमोरचंच सांगते.

आमचं कोकण वर्षानुवर्षं मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरवर जगलं. 1997 साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा जाहीर झाला, पुढच्याच वर्षी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, आणि पैसा आपल्या पायांनी दारात यायला लागला.

पुण्याचं चौघांचं कुटुंब दोन रात्री राहिलं की पहिली कमाई कुडाळ स्टेशनवरच्या रिक्षावाल्याची. सकाळी मी किनाऱ्यावर जाऊन रापणीचे बांगडे घेते. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. ते ओढायला कितीतरी माणसं लागतात आणि मिळालेल्या मासळीत प्रत्येकाचा वाटा असतो. नारळ शेजारच्या माडांचे, कोकमाची सोलं काकीने उन्हात वाळवलेली. वडे थापायला वाडीतल्या दोघी येतात. पीठ भिजवण्यापासून शेवटचा घाणा निघेपर्यंत त्यांचंच राज्य. संध्याकाळी पैसे हातात पडले की त्या वाडीतल्याच दुकानात जातात. अर्थशास्त्रात याला गुणक परिणाम म्हणतात. परदेशी पाहुणा आला तर त्याचं परकीय चलन निर्यातीसारखंच, फक्त माल जहाजात चढवावा लागत नाही.

याउलट मालक बाहेरचा, आचारी बाहेरचा, मासळीही ट्रकने आलेली असेल, तर गावाच्या वाट्याला कचरा आणि मे महिन्यात तळाला गेलेली विहीर. मालदीवला तर पर्यटकांच्या ताटातलं बहुतेक सगळं आयात करावं लागतं, म्हणजे आलेल्या डॉलरचा मोठा भाग लगेच परत जातो. म्हणून सरकारने नुसती पर्यटकसंख्या मोजू नये, हॉटेलची भाजी कुठून येते तेही विचारावं, असं मला मनापासून वाटतं.

आणि सगळी भिस्त यावरच ठेवू नये. पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद असतात. 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा आमच्या खोल्या कित्येक महिने रिकाम्या होत्या. माझ्या दिराने मुंबईची नोकरी सोडून पर्यटकांसाठी होडी घेतली होती. घरातली जुनी जाळी त्याने विकली नव्हती, म्हणून त्या वर्षी हप्ते भरता आले.