न्यूक्लिओसोम सरकला, हे कशावरून ओळखावे?

प्रश्न: मी जैवतंत्रज्ञानात एम.एस्सी. करतो. आमच्या विभागात जेल इलेक्ट्रोफोरेसिसचा संच आणि सेंट्रिफ्यूज आहे. सिक्वेन्सिंगची सोय नाही. एवढ्यावर क्रोमॅटिन रीमॉडेलिंगचा प्रकल्प होईल का?
– एक विद्यार्थी, विश्रामबाग, सांगली

उत्तर: काही भाग नक्की होईल. मात्र क्रोमॅटिनची, म्हणजे हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेल्या डीएनएची, रचना पाहणे आणि ती रचना कोणी बदलली (म्हणजे रीमॉडेलिंग कोणी केले) हे सिद्ध करणे ही दोन वेगळी कामे आहेत. हरिपूरचे हळदीचे पेव उघडे दिसले, तरी ते कोणी उघडले हे त्यावरून कळत नाही.

पहिल्या कामाला मायक्रोकॉकल न्यूक्लिएज हे डीएनए तोडणारे विकर पुरेसे आहे. आठ हिस्टोन प्रथिनांच्या गाभ्याभोवती सुमारे १४७ बेस-जोड्यांचा डीएनए गुंडाळलेला असतो, हाच न्यूक्लिओसोम; हे विकर तो गुंडाळलेला डीएनए बहुतांशी सोडून दोन गाभ्यांमधला मोकळा डीएनए आधी तोडते, त्यामुळे पचन मध्येच थांबवून शुद्ध केलेला डीएनए आगारोज जेलवर चालवला, की साधारण २०० बेस-जोड्यांच्या पटीत शिडीसारखे पट्टे दिसतात. त्यासाठी कोंबडीचे रक्त उत्तम, कारण पक्ष्यांच्या तांबड्या पेशींत केंद्रक असते. बकऱ्याच्या तांबड्या पेशींत ते नसते, तेव्हा खाटकाकडून भलतेच रक्त आणू नये. रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट घातले असल्यास पेशी नीट धुऊन घ्याव्यात, कारण या विकराला कॅल्शियम लागते आणि सायट्रेट तेच धरून ठेवते. पचन कॅल्शियम धरून ठेवणाऱ्या ईडीटीएने थांबवावे, आणि एकच नमुना न घेता वेगवेगळ्या मिनिटांचे नमुने घ्यावेत. पचन जास्त झाले की शिडी नाहीशी होऊन तळाशी एकच पट्टा उरतो. त्यालाच निष्कर्ष समजण्याची चूक विद्यार्थ्यांकडून हमखास होते.

ही शिडी म्हणजे साऱ्या जीनोमची सरासरी. एका जनुकाविषयी बोलायचे असेल, तर यीस्टचे पीएचओ५ हे जनुक घ्यावे. यीस्टला फॉस्फेट देणे थांबवले, की त्याच्या प्रवर्तकावरचे (जनुक जिथून चालू होते त्या डीएनएच्या भागावरचे) न्यूक्लिओसोम हटतात आणि एरवी झाकलेली जागा रिस्ट्रिक्शन विकराने (ठरावीक क्रमावरच डीएनए कापणाऱ्या विकराने) कापता येते. किती कापली गेली, हे रिअल-टाइम पीसीआरने मोजता येते.

दुसऱ्या कामाला शुद्ध केलेले रीमॉडेलर, म्हणजे एटीपीच्या ऊर्जेवर न्यूक्लिओसोम हलवणारे प्रथिन-संकुल, लागते. ‘स्वी-स्निफ’ (SWI/SNF) हे त्यांतले प्रसिद्ध. त्याच्या नावातला ‘स्निफ’ हा भाग सुक्रोज आंबवू न शकणाऱ्या यीस्टवरून आला आहे, हे उसाच्या जिल्ह्यात सांगायला हरकत नाही. डीएनएच्या टोकाशी बसवलेला न्यूक्लिओसोम मध्याकडे सरकला, की हिस्टोन न काढता चालवलेल्या अ‍ॅक्रिलामाइड जेलमध्ये तो मागे राहतो. हे रीमॉडेलर आणि एटीपी दोन्ही असतानाच घडले, एटीपी वगळल्यावर घडले नाही, तरच ते रीमॉडेलरचे काम म्हणता येते. २०१३ साली आलेली एटॅक-सिक् ही सिक्वेन्सिंगची पद्धतही, तिचा कितीही गाजावाजा असला, तरी एकटीने उघड्या जागाच दाखवते.

तुम्ही शिडीपर्यंतच जाणार असाल, तर प्रकल्पाच्या शीर्षकात ‘रीमॉडेलिंग’ऐवजी ‘न्यूक्लिओसोम-रचना’ असे लिहावे.