'सेव्हिंग प्रायव्हेट रायन' या युद्धपटातल्या ओमाहा बीचच्या (सैनिक बोटींतून किनाऱ्यावर उतरतात त्या) दृश्याच्या छायाचित्रणावर निबंध लिहायचाय. 'कॅमेरा हलता आहे म्हणून खरं वाटतं' यापलीकडे काय लिहू?

आधी ते वाक्य खोडा. कॅमेरा लग्नाच्या व्हिडिओतही हलतो. या दृश्याची जान शटरच्या कोनात आहे, आणि यावरून एका संकलक मित्राशी माझा जुना वाद आहे.

फिल्म कॅमेऱ्याचं शटर म्हणजे फिरती चकती; तिचा किती अंश भाग उघडा, तो शटरचा कोन. एरवी सेकंदाला २४ फ्रेम असताना शटर १८० अंशांचं असतं, म्हणजे प्रत्येक फ्रेम १/४८ सेकंद उजेड घेते. तेवढ्यात धावणाऱ्याचे हातपाय पुसट होतात आणि त्या पुसटपणामुळेच हालचाल सलग भासते. छायाचित्रकार यानुश कामिन्स्कींनी इथे शटर ९० आणि ४५ अंशांवर आणलं: १/९६ आणि १/१९२ सेकंद. स्फोटात उडालेली वाळू ढेकळाढेकळाने सुटी दिसते, सैनिक झटके खात पुढे सरकतात. शिवाय भिंगांवरचं कोटिंग काढल्याने कॉन्ट्रास्ट उतरला, आणि ईएनआर या लॅबमधल्या प्रक्रियेत प्रिंटवर चांदी राखून काळा दाट केला, रंग फिके केले.

हे तपासताना टीव्हीवरचं मोशन स्मूदिंग बंद करा. ते मधल्या फ्रेम स्वतः बनवतं आणि नेमका हाच परिणाम पुसून टाकतं. स्फोट एकेक फ्रेम पुढे नेऊन बघा.

रचनेबद्दल थोडक्यात. बोटीत नायक कॅप्टन मिलरचा थरथरता हात आधी दिसतो, चेहरा नंतर. किनाऱ्यावर कॅमेरा बहुतेक वेळ पडून राहिलेल्या सैनिकाच्या उंचीवर, काचेवर पाण्या-रक्ताचे थेंब. उंचावरून दिसतं ते जर्मन मशीनगनमागून, आणि तिथे गनर पाठमोऱ्या काळ्या आकृत्या आहेत. मारणाऱ्याला चेहरा दिलेला नाही, यावर एक परिच्छेद सहज होईल.

पटत नसेल तर फोन ट्रायपॉडवर लावा, २४ फ्रेम ठेवा, कुणाला तरी वाळू उधळत धावायला सांगा. एकदा १/५०, एकदा १/२००. दुसऱ्या वेळी चौपट उजेड लागतो, म्हणून भर उन्हातच करा. ट्यूबलाइटखाली ५० हर्ट्झच्या विजेमुळे चित्र लुकलुकतं किंवा पट्टे येतात. कॅमेरा तसूभर हलला नसताना दुसरी क्लिप तुटक दिसेल. माझ्या मित्राने हा प्रयोग आजवर केलेला नाही.

अर्थात कॅमेरा हातातला आहे आणि हादरेही आहेत, ते नाकारू नका. आणि मिलरचे कान बधिर होतात तिथे अर्धं काम आवाजाचं आहे; तेवढ्या भागाचं श्रेय छायाचित्रणाला देऊ नका.