सात वर्षांच्या ऑटिझम असलेल्या मुलाला शाळेत आणि घरी शिकवायचं कसं?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगा पहिलीत आहे, निदान झालंय, वर्गातून उठून पळतो आणि गुरुजी म्हणतात ‘घरीच शिकवा’. मी डॉक्टर नाही. परभणी जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर आहे. चौतीस पोरांच्या वर्गात असं एक लेकरू माझ्याकडं तीन वर्षं होतं, त्याच्यापायी जे शिकलो ते सांगतो.

पहिलं वर्ष माझं नुसतं बोलण्यात गेलं. ‘खाली बस, वही काढ, इकडं बघ.’ ऐकलं नाही की तेच मोठ्यानं. हनुवटी धरून तोंड माझ्याकडं वळवायचो, ती तर सपशेल चूक. नजर द्यायला लावलं की त्याचं ऐकणंच बंद व्हायचं. तालुक्याहून येणाऱ्या, दिव्यांग लेकरांना शिकवणाऱ्या विशेष शिक्षिका एकदा वर्गात बसल्या आणि जाताना म्हणाल्या, ‘सर, तुम्ही जरा गप्प बसा अन् त्याला दाखवा.’

मग दिवसभरातल्या कामांची एक पट्टी केली. जुन्या लग्नपत्रिकेचा पुठ्ठा, मोबाइलवर काढून झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणलेले सहा फोटो: परिपाठ, वाचन, खिचडी, नळ, मैदान, घर. फोटोच्या मागं वेल्क्रो (टेलरकडं मिळतो). एक काम उरकलं की त्यानं स्वतः तो फोटो उपसून बाजूच्या डब्यात टाकायचा. टाकताना मी एवढंच म्हणायचो, ‘झालं.’ दिवाळीनंतर एक दिवस तोच म्हणाला, ‘झालं.’ शाळेत त्याच्या तोंडून ऐकलेला हा पहिला शब्द. ही काही माझी अक्कल नव्हे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ एरिक शॉप्लर यांनी १९७० च्या दशकात उभ्या केलेल्या ‘टीच’ पद्धतीतलं हे आहे. आता पुढं काय आणि हे कधी संपणार, एवढं डोळ्यांना दिसलं की लेकराचा अर्धा जीव खाली पडतो.

पण पट्टी लावून विसरायचं नसतं. उन्हाळ्यात सकाळची शाळा सुरू झाली आणि त्याला सांगायचं माझ्या ध्यानातच आलं नाही. फोटो तेच, पण खिडकीतून ऊन भलत्याच बाजूनं येणारं. दोन दिवस रडून रडून त्यानं स्वतःच्या मनगटाला चावे घेतले. पुढच्या वर्षी चार दिवस आधी पट्टीवर बदल सांगणारं पिवळं कार्ड लावलं, आणि त्याच्या आईनं त्याला दोनदा सकाळी सातला रिकाम्या शाळेत फिरवून नेलं. त्या वर्षी काही झालं नाही.

पळण्याचं म्हणाल तर आधी एक वही करा. कधी पळाला, त्याच्या आधी काय झालं, पळाल्यावर त्याला काय मिळालं, एवढंच लिहायचं. आठवडाभराची वही बघितली तर आमचा गडी सातपैकी पाच वेळा घंटेच्या आधी पळालेला. आमची घंटा म्हणजे टांगलेला रुळाचा तुकडा, कानठळ्याच बसतात. मग घंटेआधी त्याला कार्ड दाखवून वर्गाच्या पार मागच्या कोपऱ्यात न्यायला लागलो. तिसरीत तर टोल तोच द्यायचा. आवाज कधी होणार हे त्याच्याच हातात आलं ना! तुमच्या पोराचं कारण वेगळं असेल: खिचडीचा वास, बाकावर चिकटून बसलेली पोरं, लाईट गेल्यावर बंद पडलेला पंखा. वही सांगेल.

बोलण्यातली एक गोष्ट आपल्या घरांत हमखास होते. त्याला तहान लागली की तो म्हणायचा, ‘पाणी पाहिजे का?’ आम्ही हसायचो. पण आपण त्याला पाणी देताना हेच तर विचारतो. त्यानं ते जसंच्या तसं उचललं. तेव्हा प्रश्न न विचारता त्याच्या तोंडचं वाक्य आपण म्हणायचं: ‘पाणी दे.’ आणि लगेच द्यायचं. ‘पळू नको’च्या ऐवजी ‘हळू चाल’. ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणालात तर पाचच मिनिटांत या. एकदा सांगितलं की मनात दहा आकडे मोजा, त्याला तेवढा वेळ लागतो. अजिबात बोलत नसेल तर वस्तूचं चित्र हातात देऊन मागायला शिकवा. चित्रांमुळं बोलणं मागं पडत नाही, ही भीती काढून टाका.

घरी शाळा मांडायला जाऊ नका. एक कोपरा, तोंड भिंतीकडं, डावीकडच्या टोपलीत तीन कामं, झालेलं काम उजवीकडच्या टोपलीत, टोपली रिकामी म्हणजे सुट्टी. हरभरा आणि तूर मिसळून वेगळी करणं, अंड्याच्या ट्रेमध्ये एकेक चिंचोका ठेवून मोजणं, चमच्यांच्या जोड्या लावणं. पंधरा मिनिटं पुष्कळ झाली. त्याआधी भाकरीचं पीठ मळू द्या नाहीतर पाण्याची कळशी उचलू द्या. जोर लागणाऱ्या कामानं आमचं लेकरू बसायला तयार व्हायचं. हात फडफडवत असेल तर फडफडवू द्या, त्यानं कुणाचं काय बिघडतं?

‘घरीच शिकवा’ हे शाळेनं ठरवायचं नसतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर ६ ते १८ वयापर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. गंभीर दिव्यांगत्व असलेल्यांना घरून शिकण्याची सोय शिक्षण हक्क कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनं केली, पण तो हक्क लेकराचा, शाळेची पळवाट नव्हे. जिल्हा रुग्णालयातून प्रमाणपत्र काढून घ्या आणि गटसाधन केंद्रात (शिक्षण खात्याचं तालुक्याचं केंद्र) जाऊन विशेष शिक्षक मागा. गुरुजींशी मात्र भांडू नका, पट्टी तयार करूनच त्यांच्या हातात द्या. आमच्या मागं कामं किती असतात ते मला ठाऊक आहे. उंटाचं दूध, उतारे आणि ‘बरा करून देतो’ म्हणणारे यांच्यात पैसे घालू नका.

आणि फोटो काढताना मागची भिंत कोरी असू द्या. माझ्या पहिल्या फोटोत नळाच्या मागं निवडणुकीचं पोस्टर आलं होतं, आमचा गडी महिनाभर नळाच्या फोटोवर बोट ठेवून पोस्टरच बघत बसायचा.