चेतातंतूतली वीज: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न: नसांमधून वीज वाहते असे म्हणतात. मग ती तारेतल्या विजेच्या वेगाने मेंदूत का पोचत नाही?

‘नस’ हा शब्द आपण रक्तवाहिनीलाही वापरतो, म्हणून इथे चेतातंतू, म्हणजे चेतापेशीचा लांब धागा, म्हणू. तारेत इलेक्ट्रॉन तारेच्या लांबीने सरकतात. चेतातंतूत विद्युतभार असलेले आयन हलतात आणि त्यांची मुख्य ये-जा लांबीने होत नाही, तंतूच्या पातळ पटलातून आडवी, आत-बाहेर होते. तार म्हणून पाहिले तर हा तंतू अगदी निकृष्ट आहे. आतला द्रव तांब्याच्या मानाने फारच मंद वाहक आणि वरचे पटल गळके. त्यामुळे एका जागी दिलेला छोटा धक्का काही मिलिमीटरच्या आतच विरून जातो. म्हणून संदेश जागोजागी नव्याने उभा करावा लागतो आणि त्यातच वेळ जातो. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने 1850 च्या सुमारास बेडकाच्या चेतातंतूत हा वेग मोजला, तेव्हा तो सेकंदाला सुमारे 30 मीटर भरला.

प्रश्न: पेशी शांत असताना आत −70 मिलीव्होल्ट असतात. हे सोडियम-पोटॅशियम पंपामुळे होते ना?

सरळ हिशेबाने नाही, आणि ही गल्लत फार जण करतात. पंप, म्हणजे पटलातले एक प्रथिन, एटीपीचा (पेशीच्या इंधनाचा) एक रेणू खर्चून 3 सोडियम बाहेर टाकतो आणि 2 पोटॅशियम आत घेतो. म्हणजे दर फेरीला एक धन भार बाहेर जातो खरा, पण त्यातून जेमतेम काही मिलीव्होल्ट मिळतात. पंपाचे खरे काम साठा करण्याचे. लिटरमागे पोटॅशियम आत सुमारे 140 मिलिमोल (कणांची संख्या मोजण्याचे एकक) आणि बाहेर 4. सोडियम बाहेर 145 आणि आत 12 ते 15.

आता शांत पटलात पोटॅशियमच्या काही वाटा कायम उघड्या असतात. पोटॅशियम त्यांतून बाहेर झिरपतो, धन भार घेऊन जातो आणि आतली बाजू ऋण होते. ती इतकी ऋण होते की बाहेर निघालेल्या पोटॅशियमला तितक्याच जोराने मागे ओढू लागते. फक्त पोटॅशियमच असता तर हा तोल −90 च्या आसपास साधला असता. थोडा सोडियम आत गळतो म्हणून −70. पंप टाकी भरून ठेवतो, नळाला येणारा दाब मात्र टाकीतल्या पाण्याचा असतो. त्यामुळे पंप बंद पाडला तरी माखळीचा (स्क्विड या समुद्री प्राण्याचा) जाड तंतू पुढे हजारो आवेग, म्हणजे विजेचे क्षणिक संदेश, देऊ शकतो.

70 मिलीव्होल्ट किरकोळ वाटतात. पण पटलाची जाडी जेमतेम 5 नॅनोमीटर आहे. म्हणजे मीटरमागे सुमारे 1 कोटी 40 लाख व्होल्टचा ताण झाला. कोरडी हवा मीटरमागे 30 लाख व्होल्टलाच हार मानते आणि ठिणगी पडते.

प्रश्न: आवेग उठतो म्हणजे नेमके काय होते? आणि तो उलटा मागे का फिरत नाही?

पटलाचे व्होल्टेज −70 वरून साधारण −55 ला आले की पटलातली सोडियमची दारे धडाधड उघडू लागतात. सोडियम आत आला की व्होल्टेज आणखी चढते, त्याने आणखी दारे उघडतात. एक मिलिसेकंदाच्या आत आतली बाजू +30 ते +40 वर जाते. शिखराच्या आसपास दोन गोष्टी घडतात. सोडियमच्या दाराला आतून एक बूच बसते, आणि उशिरा हलणारी पोटॅशियमची दारे उघडून धन भार बाहेर जाऊ लागतो. व्होल्टेज कोसळते, थोडा वेळ −70 च्याही खाली जाते, मग सावरते.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्या बुचात आहे. आवेग जिथून नुकताच गेला तिथली बुचे साधारण एक मिलिसेकंद निघत नाहीत. पुढचे पटल तयार असते, मागचे नसते. याच कारणाने तंतूला सेकंदाला अमर्याद आवेग देता येत नाहीत. शिखराची उंचीही ठरलेली असते, म्हणून जोराचा दाब मोठ्या आवेगाने कळत नाही. आवेग दाट येतात आणि जास्त तंतू कामाला लागतात. हॉजकिन आणि हक्सली या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी माखळीच्या तंतूवर मोजमापे घेऊन हे सगळे 1952 मध्ये समीकरणांत बसवले. 1963 चे नोबेल त्यांना एक्लस यांच्यासोबत मिळाले.

प्रश्न: पायाचा अंगठा आपटला की आधी धक्का कळतो, ठणका मागाहून. असे का?

तंतू वेगळे, म्हणून. स्पर्शाच्या जाड तंतूंवर मायलिन या चरबीयुक्त, वीज अडवणाऱ्या थराचे वेटोळे असते. त्यात दर मिलिमीटरभर अंतरावर एक उघडी जागा सुटलेली असते आणि आवेग फक्त तिथेच नव्याने उठतो. असा तंतू सेकंदाला 60 मीटरने गेला तर अंगठ्यापासून पाठीच्या कण्यापर्यंतचा मीटरभर पल्ला सुमारे 17 मिलिसेकंदांत संपतो. ठणक्याचे तंतू बारीक आणि मायलिनविना, सेकंदाला साधारण 1 मीटर. त्यांना पूर्ण सेकंद लागतो. (पहिली टोचरी कळ पातळ मायलिनच्या तंतूंची, ती यांच्या मधे येते.)

मायलिनची किंमत कळायची तर ही तुलना पाहा. माखळीचा बिनमायलिनचा तंतू 500 मायक्रोमीटर जाड, वेग सेकंदाला सुमारे 25 मीटर. बेडकाचा मायलिनवाला तंतू 12 मायक्रोमीटर, वेग तेवढाच. तितक्या जागेत सतराशेहून अधिक तंतू मावतील.

प्रश्न: एका पेशीतून दुसरीत वीज उडी मारते का?

बहुतेक ठिकाणी नाही. मधली फट 20 ते 40 नॅनोमीटरची असते. टोकाला कॅल्शियम आत शिरते, रसायनाच्या पिशव्या फुटतात, ते रसायन पलीकडची दारे उघडते. याला साधारण अर्धा मिलिसेकंद लागतो.

प्रश्न: दाताखाली पू झाला असताना बधिर करण्याचे इंजेक्शन नीट लागू का पडत नाही?

लिडोकेन हे बधिर करणारे औषध सोडियमचे दार आतल्या बाजूने बंद करते, म्हणून त्याला आधी पटल ओलांडून आत जावे लागते. पटलातून जातो तो त्याचा भाररहित रेणू. सुजलेल्या, पू झालेल्या जागी आम्लता वाढते, बरेचसे रेणू भारित होतात आणि बाहेरच अडकतात. वाढलेला रक्तपुरवठा औषध लवकर वाहूनही नेतो. म्हणून दंतवैद्य सुजेपासून दूर, तंतूच्या वरच्या मुळाशी इंजेक्शन देतात.

बधिरता चढताना बारीक तंतू सहसा आधी बंद पडतात. त्यामुळे दात ओढताना दाब आणि हलणे जाणवत राहते. ते अपेक्षितच आहे. कळ आली तर मात्र हात वर करून लगेच सांगा.